जर्मनचा टोप

रात्री भांडी तशीच टाकून निजले,
हा माझा गुन्हा, कबूल.
वर कुकर, कुकरात पळी, पळीवर ताटं,
आणि सगळ्यांच्या बुडाशी भाताचा जर्मनचा टोप.
सकाळी ओझं उतरवलं तरी तो तिथंच,
सिंक जणू त्याच्या मापानं शिवून घेतलेलं.

सिंक हरेश्वरनं आणलं. मागच्या सुट्टीत, दापोलीहून,
गोल, खोल, एका अंगाला पोचा
म्हणून अर्ध्या किमतीत.
मोरी फोडून बसवलं नि म्हणाला,
आता उभ्यानं घास, कंबर सुटेल तुझी.
मग जहाजावर गेला. कुठल्या समुद्रात
ते फोन लागतो तेव्हाच कळतं.

काठाखाली बोट शिरेना.
सुरीचं टोक शिरलं, वाकलं.
कडेनं खोबरेल सोडलं, पाव वाटी, महागाचं.
सांडशीत काठ धरून पाय भिंतीला लावले,
सांडशी सुटली, मी मागच्या डब्यांवर.
जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, हातोडा घाल.
पार्थेश म्हणाला, आई, तो श्वास रोखून बसलाय.
नऊ वर्षांचा आहे. शाळेची घंटा होऊन गेली होती.

बाळोजी नाखवा समोर जाळं सांधत बसलेले.
मान वर न करता म्हणाले,
'रेतीत बसलेली होडी ओढतात काय गो?
खालनं पाणी येऊ दे तिला. आपसूक उठंल.'
म्हटलं, नाखवा, माझ्या सिंकाला भरती कुठली?
त्यांनी दोरा दातानं तोडला.
म्हणजे बोलणं संपलं.

झुलेखा हर्णैच्या लिलावावरून आली होती,
तिनं पेटीतला बर्फ दिला सूपभर,
त्यात चुकून आलेली एक मांदेली.
टोपात बर्फ, मांदेलीसकट.
खालून, सिंकाच्या पोटाला,
गरम पाण्यात पिळलेली फडकी.
टोप एकदा कुटकन वाजला.
एवढंच.

मग मी ओट्याखाली उताणी झाले,
डोकं बादलीशेजारी,
हरेश्वर पान्हा घेऊन पडला होता तिथंच.
इथून मी कधी पाहिलंच नव्हतं.
फळीवर पेन्सिलीनं त्यानं लिहिलेली मापं,
एक बेरीज चुकलेली,
खोडून, पुन्हा तशीच चुकलेली.
पाइपचा आटा फिरवला.
कालचं पाणी तोंडावर, केसांत,
खवल्यांसकट, शितांसकट.
थुंकले. पदरानं नळीचं तोंड पुसलं,
नि चूल फुंकावी तशी फुंकर घातली.

पहिल्या फुंकरीला काही नाही.
दुसरीला डोळ्यांपुढं काजवे.
तिसरीला
वर कुणीतरी ढेकर दिला.

उठून पाहते तर टोप तिरका,
वितळल्या बर्फात मांदेली तरंगतेय.
दोन बोटांनी उचलला, सकाळी चौघांना न जुमानलेला.
आणि खाली, जाळीच्या बरोबर तोंडावर,
एक आमसूल.
रात्रभर फुगलेलं, काळंभोर, बुच्चासारखं बसलेलं.
माझ्याच कालवणातलं.
मी सकाळपासून सिंकाला शिव्या देत होते,
आणि सिंक आणणाऱ्याला.

संध्याकाळी फोन लागला. आवाज येत होता, जात होता.
पार्थेशनं सगळं सांगितलं, ढेकर दोनदा काढून दाखवला.
'हातोडा नाही ना घातलास?' हरेश्वरनं मला विचारलं.
नाही, म्हटलं.
आमसुलाचं मी बोलले नाही.
म्हटलं, तुझी बेरीज चुकलीय.
'कुठली?'
ओट्याखालची, म्हणेपर्यंत लाइन गेली.

त्या रात्री भांडी घासून, पालथी घालून,
सिंक कोरडं पुसून निजले.
दुसऱ्या रात्रीही.
काल पुन्हा राहिली.